चालू, पण रिकामे: डेटा सेंटरच्या विजेचा हिशेब

गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीनंतर चहा चालू असताना विषय निघाला डेटा सेंटरचा. वीज खात्यातून निवृत्त झालेले आपले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "रोज पेपरात येतं, अमक्या हजार कोटींचं डेटा सेंटर, तमक्या हजार कोटींचं. वीज किती खाणार ते मात्र शोधूनही सापडत नाही." गच्चीबावलीत क्लाऊडचे काम करणारी एका सभासदांची मुलगी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "काका, किती खाणार हे विचाराच, पण त्यातली किती कामाला लागणार हेही विचारा. आमच्याकडे निम्मी मशिनं नुसती जागी असतात." दोघांचेही म्हणणे बरोबर होते. मी तीस वर्षे संगणक विभागात काढली म्हणून अध्यक्षांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला.

हैदराबादकरांना हा विषय लांबचा राहिलेला नाही. ॲमेझॉनच्या क्लाऊड कंपनीने आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सुरू केले. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला तेलंगण सरकारबरोबर तिने आणखी साठ हजार कोटींची घोषणा केली. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्येच इथे पंधरा हजार कोटींची योजना जाहीर केली होती. शेजारी विशाखापट्टणमला गुगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये पाच वर्षांत पंधरा अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले, आणि तिथली भाषा मेगावॅटची नाही, गिगावॅटची आहे. महाराष्ट्रातही तेच, देशातल्या डेटा सेंटरचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे. याला कारणेही तशीच आहेत. पैशांच्या व्यवहारांची माहिती देशातच ठेवा असे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितले, २०२२ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट.

जगाचा आकडा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ मध्ये दिला. २०२४ साली जगभरच्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. हे प्रमाण लहान वाटेल, पण भारतात वर्षभरात जेवढी वीज तयार होते तिच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ते जाते. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे.

आता त्या मुलीच्या मुद्द्याकडे येऊ, कारण खरी गोम तिथेच आहे.

पिठाची गिरणी दळण नसताना रिकामी फिरवत ठेवली तर मीटर थांबत नाही. सर्व्हरचे तसेच आहे. गुगलचे लुईझ बारोसो आणि उर्स होल्झ्ले यांनी २००७ मध्ये एक लेख लिहिला. त्यांनी आपल्या हजारो सर्व्हरांचे निरीक्षण करून दाखवले की सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या दहा ते पन्नास टक्क्यांवरच चालतात. पूर्ण रिकामे क्वचित आणि पूर्ण भरलेलेही क्वचित. आणि त्या काळचा चांगला सर्व्हरसुद्धा काही काम न करता पूर्ण ताकदीच्या निम्मी वीज घेत होता. म्हणजे दहा टक्के कामाला पन्नास टक्क्यांहून जास्त वीज. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली, तरी रिकामा सर्व्हर म्हणजे बंद सर्व्हर नव्हे, हे आजही खरे आहे.

घरच्या बिलाच्या भाषेत पाहू. एक सर्व्हर रिकामा असताना १५० वॅट घेतो असे धरा. वर्षाचे तास ८,७६०. झाले तेराशे युनिट. त्यावर एसी आणि यूपीएसचा खर्च धरला तर दोन हजारांच्या घरात. दरमहा शंभर-सव्वाशे युनिट वापरणाऱ्या कुटुंबाच्या वर्षभराच्या विजेपेक्षा हे जास्त आहे, आणि त्या बदल्यात काम शून्य.

यावरचा इलाज म्हणजे व्हर्च्युअल मशीन. काचीगुडा, सुलतान बाजारच्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे समजावून सांगायला नको. वाडा एक, बिऱ्हाडे आठ-दहा. प्रत्येकाची चूल वेगळी, दाराला कुलूप वेगळे, पण पाया, भिंती, विहीर एकच. व्हर्च्युअल मशीन, ज्याला या धंद्यात सगळे नुसते व्हीएम म्हणतात, हे असे बिऱ्हाड आहे. त्याच्या आत चालणाऱ्या प्रणालीला वाटते की आपल्याला स्वतंत्र संगणक आहे. प्रत्यक्षात एकाच यंत्रावर असे दहा-वीस संसार चाललेले असतात, आणि कोणाला केव्हा किती प्रोसेसर, किती मेमरी द्यायची ते हायपरव्हायजर नावाचे सॉफ्टवेअर बघते. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६० च्या दशकातच आपल्या मोठ्या यंत्रांवर ती आणली. साध्या सर्व्हरवर ती रुजली व्हीएमवेअर या कंपनीमुळे. कंपनी १९९८ ची, आणि थेट सर्व्हरवर बसणारे तिचे सॉफ्टवेअर २००१ चे.

विजेच्या दृष्टीने यात दोन गोष्टी आहेत. पहिली सरळ आहे: दहा रिकाम्यासारख्या यंत्रांवरचे काम दोन यंत्रांवर गोळा करा आणि आठ बंद करा. दुसरी मला आजही जादूसारखी वाटते. चालू बिऱ्हाड एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात हलवायचे, आणि चुलीवरचा भातही उतरवायचा नाही. केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी २००५ मध्ये याचा जो निबंध सादर केला त्यात एका चालू व्हिडिओ गेमचा सर्व्हर, खेळाडू खेळत असताना, एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवून दाखवला. खंड पडला तो साठ मिलिसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदाच्या सोळाव्या भागाइतका. पद्धत अशी की चालू असतानाच मेमरी पलीकडे उतरवत राहायचे, तेवढ्यात जे बदलले ते पुन्हा उतरवायचे, आणि अगदी शेवटचा थोडासा भाग राहिला की क्षणभर थांबवून पलीकडे सुरू करायचे.

हे जमल्यावर पुढची पायरी आपोआप सुचते. रात्री काम कमी झाले की सगळी बिऱ्हाडे थोड्या वाड्यांत सरकवा, बाकीच्या वाड्यांचे दिवे मालवा, सकाळी काम वाढायच्या आत पुन्हा लावा. व्हीएमवेअरने ही सोय २००७ च्या सुमारास आणली. मेलबर्न विद्यापीठात राजकुमार बुय्या आणि अँटन बेलोग्लाझोव्ह यांनी यावर बरेच काम केले: कोणते व्हीएम कधी हलवायचे, किती भरले की यंत्र भरले म्हणायचे, आणि ग्राहकाला दिलेला वेगाचा शब्द न मोडता किती वीज वाचते. यंत्र शंभर टक्के भरू नये, हा त्यातला व्यवहाराचा भाग. सगळ्या बिऱ्हाडांत एकाच दिवशी पाहुणे आले तर नळाला पाणी पुरत नाही.

या सगळ्याचा उपयोग झाला का? झाला, आणि हे फारसे सांगितले जात नाही. एरिक मसानेट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. २०१० ते २०१८ या आठ वर्षांत जगभरच्या डेटा सेंटरमधले काम साडेपाचशे टक्क्यांनी वाढले, आणि वीज वाढली फक्त सहा टक्क्यांनी. यूट्यूब, व्हॉट्सॲप, नेट बँकिंग, सगळे याच काळात घराघरांत आले. वीज जवळपास जागच्या जागी राहिली याचे श्रेय चांगल्या प्रोसेसरला आहे, थंड करण्याच्या सुधारलेल्या पद्धतींना आहे, आणि छोट्या कार्यालयांतली खोलीभर यंत्रे जाऊन त्यांचे काम मोठ्या क्लाऊडमध्ये व्हीएम होऊन एकत्र झाले यालाही आहे. अमेरिकेतही २०१४ पर्यंतचा आलेख असाच सपाट होता. आता तो सपाट नाही. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या हिशेबात अमेरिकन डेटा सेंटरचा वापर २०२३ मध्ये १७६ अब्ज युनिट, देशाच्या ४.४ टक्के झाला.

मग व्हीएम असूनही मशिनं रिकामी कशी, असे त्या मुलीला विचारायला हवे. पण उत्तर मला माझ्याच नोकरीतून माहीत आहे.

आमच्या कार्यालयात सर्व्हरची खोली होती. चौदा यंत्रे. दोन एसी दिवस-रात्र. दोन आठवडे मोजणी केली तेव्हा कळले की बहुतेक यंत्रे दहा टक्क्यांच्या वर जातच नाहीत. आम्ही सगळे काम तीन नव्या यंत्रांवर व्हीएम करून घेतले. जुनी चौदा त्यानंतरही आठ महिने चालू होती! कारण तांत्रिक नव्हते. बंद करायची म्हणजे कोणाच्या तरी सहीने करायची, आणि उद्या कुठला जुना अहवाल उघडला नाही तर ती सही शोधली जाणार. चालू ठेवायला मात्र कोणाची सही लागत नव्हती. दुसरे असे की विजेचे बिल इमारत विभाग भरत होता आणि यंत्रे आमची होती. बचत झाली असती तर ती दुसऱ्याच्या खात्यात, आणि बिघाड झाला असता तर आमच्या. मी तरी वेगळा का वागलो नाही, हे नातवाने विचारले तर माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

हा अनुभव आमच्यापुरता नव्हता. जोनाथन कूमी या अभ्यासकाने सहकाऱ्याबरोबर २०१५ मध्ये जी पाहणी केली तिच्यात सुमारे तीस टक्के सर्व्हर असे निघाले की सहा महिने वा त्याहून जास्त काळ त्यांनी कुठलेच उपयोगी काम केले नव्हते. पुढे त्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा व्हीएममध्येही झोपी गेलेली मंडळी भरपूर सापडली. साहजिक आहे. यंत्र विकत घ्यायचे तर निविदा काढावी लागते, व्हीएम मात्र दोन मिनिटांत तयार होते. एका प्रकल्पासाठी घेतले, प्रकल्प संपला, माणूस दुसऱ्या कंपनीत गेला, आणि व्हीएम मागे उरले. रात्री दिवे मालवण्याची सोयही पुष्कळ ठिकाणी बंदच ठेवलेली असते, कारण बंद केलेले यंत्र सकाळी उठले नाही तर काय, ही भीती. ती अगदी खोटीही नाही.

इथे एक सापळा आहे, आणि आपल्याकडच्या बातम्या त्यात हमखास पडतात. डेटा सेंटरची कार्यक्षमता सांगायला पीयूई नावाचा आकडा वापरतात. एकूण वीज भागिले संगणकांना मिळालेली वीज. एक आला तर आदर्श. गुगलसारख्या कंपन्या १.१ च्या आसपास सांगतात, जगाची सरासरी दीडच्या थोडी वर आहे. आमचे पीयूई कमी म्हणून आम्ही पर्यावरणप्रेमी, असे सांगण्याची पद्धत पडली आहे. पण या भागाकारात संगणक काम करत होता की नुसता तापत होता, याला जागाच नाही. रिकामा सर्व्हरही 'संगणकांना मिळालेल्या विजेत'च धरला जातो.

एक उदाहरण करून पाहा. संगणकांना ३० किलोवॅट, एसी-यूपीएसला १५, एकूण ४५. पीयूई दीड. आता व्हीएम करून काम थोड्या यंत्रांवर आणले. संगणकांना ८ किलोवॅट पुरले. एसी आणि यूपीएसचा खर्च मात्र त्या प्रमाणात उतरत नाही, कारण खोली तेवढीच आणि उपकरणे मोठ्या भारासाठी बसवलेली. समजा तो ७ वर आला. एकूण १५. वीज तिसऱ्या हिश्श्यावर आली, आणि पीयूई दीडवरून १.९ च्या जवळ गेले! कागदावर हे केंद्र आधीपेक्षा 'वाईट' झाले. पीयूई थंड करण्याची पद्धत तपासायला चांगले आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण जो आकडा वीज वाचवणाऱ्याला नापास करतो, तेवढ्यावरच सवलती आणि प्रमाणपत्रे देणे बरोबर नाही.

युरोपीय संघाने २०२३ च्या सुधारित ऊर्जा कायद्याने ५०० किलोवॅट आणि त्यावरच्या डेटा सेंटरना दरवर्षी वीज, पाणी, वाया जाणारी उष्णता वगैरेंची माहिती देणे सक्तीचे केले. सगळे प्रश्न त्याने सुटले असे नाही, पण निदान माहिती सरकारदरबारी जमा होते. आपल्याकडे जमीन, पाणी, वीजजोडणी, शुल्कमाफी या गोष्टी राज्ये एकमेकांशी स्पर्धा करून देत आहेत. त्या बदल्यात दरवर्षी एवढे सांगायला काय हरकत आहे: किती वीज घेतली, आणि सर्व्हर सरासरी किती टक्के कामात होते? दुसरा आकडा प्रत्येक चालकाकडे रोज तयार असतो. त्याशिवाय त्याचा धंदाच चालणार नाही. जिथे चालक फक्त जागा आणि वीज देतो आणि यंत्रे भाडेकरूची असतात, तिथे हा आकडा भाडेकरूकडे असेल. मग त्याच्याकडून मागावा लागेल.

एआयच्या बाबतीत मात्र व्हीएमकडून फार आशा ठेवू नये, असे माझे मत आहे. आठ जीपीयू असलेला एक सर्व्हर पूर्ण भारात दहा किलोवॅटच्या घरात वीज घेतो. दीड टनाचे पाच-सहा एसी एकदम लावल्यासारखे. मोठे मॉडेल शिकवण्याचे काम आठवडेच्या आठवडे या यंत्रांना पुरून उरते. तिथे गोळा करायला रिकामी जागाच नसते. शिकून झालेल्या मॉडेलला आपण प्रश्न विचारतो तेव्हाचे काम वेगळे: ते दिवसा चढते, रात्री उतरते, आणि एका जीपीयूचे वाटे करून ते वाटता येते. एनव्हिडियाच्या २०२० पासूनच्या मोठ्या जीपीयूंचे सात वाटे करता येतात. तेवढ्यापुरती बचत आहे. बाकी एआयची भूक व्हीएमने भागेल असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण एक गोष्ट एआयच्या कामातही जमते, ती म्हणजे वेळ हलवणे. आपल्या देशात आज निम्मी स्थापित क्षमता कोळसा-वायूखेरीज स्रोतांची झाली आहे, तरी प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत मोठा भाग कोळशाचाच आहे. दुपारी सौर वीज भरपूर, संध्याकाळी सात वाजता तीच टंचाई. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून सांगितले की सूर्यप्रकाशाच्या तासांत वीजदर नेहमीपेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावा आणि उद्योग-व्यापाऱ्यांना जास्त मागणीच्या तासांत किमान २० टक्क्यांनी जास्त. किती आणि कसे ते राज्याच्या नियामक आयोगांनी ठरवायचे. डेटा सेंटरमधले सगळे काम तातडीचे नसते. बँकेचा व्यवहार थांबवता येत नाही, पण बॅकअप, व्हिडिओंचे रूपांतर, महिन्याचे अहवाल, मॉडेल शिकवणे, ही कामे चार तास पुढे-मागे झाली तर कोणाचे बिघडत नाही. गुगलने २०२० पासून आपली अशी कामे स्वच्छ वीज जास्त असलेल्या तासांत सरकवायला सुरुवात केली. व्हीएममध्ये ठेवलेले काम थांबवून पुन्हा होते तिथूनच सुरू करता येते, त्यामुळे हे सोपे जाते. तेलंगणसारख्या भरपूर ऊन असलेल्या राज्याने मोठ्या जोडण्या देताना हीच अट का घालू नये? "संध्याकाळी सहा ते दहा एवढा भार कमी करून दाखवा." वीज खात्यातले आपले काका म्हणाले की साखर कारखान्यांना, भट्ट्यांना हे वर्षानुवर्षे सांगत आलोय, यांना सांगायला संकोच कसला.

हा लेख लिहिताना त्या मुलीला मी फोन केला. तिच्या टीमकडे चाचणीसाठी घेतलेली व्हीएम आहेत, सोमवार ते शुक्रवार दिवसाला दहा तास वापरतात. आठवड्याचे तास १६८, वापर ५० तासांचा. उरलेले ११८ तास ती चालूच असतात. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहून शुक्रवारी रात्री ती आपोआप बंद होतील असे केले आहे, सोमवारी सकाळी आठला परत चालू. "पण काका," ती म्हणाली, "आम्ही बंद केलं म्हणजे तिथलं यंत्र बंद झालं असं नाही. ते दुसऱ्या कोणाला तरी देतात. पुढच्या वर्षी एक यंत्र कमी घ्यावं लागेल, एवढाच फायदा." पहिल्या सोमवारी दोन जणांनी तक्रार केली, कारण ते सात वाजता येतात. मग वेळ पावणेसातची केली.

आपल्या मंडळाच्या कार्यालयातही एक जुना संगणक सर्व्हर म्हणून टेबलाखाली चालू आहे. सभासदांची यादी आता क्लाऊडवर आहे, तरी तो चालूच. बंद करायला कार्यकारिणीचा ठराव लागेल असे सचिव म्हणतात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा, अशी माझी विनंती आहे.